तारांकित प्रश्न आणि भाऊजींचं यंत्र

सरकारला मी आजवर जेवढे प्रश्न विचारले, तेवढे नव्या सुनेला तिच्या सासूनेही विचारले नसतील. रस्ते, पूल, एसटीचे थांबे, शाळांची गळकी छपरं, गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर का नाही, आणि डॉक्टर आहे तर मग तो गुरांना का दिसत नाही, सगळं विचारून झालं. फक्त एवढंच की यातला एकही प्रश्न माझ्या नावावर नाही. मी एका आमदारांचा स्वीय सहायक. प्रश्न मी लिहायचा, सही त्यांनी करायची, सभागृहात उभं त्यांनी राहायचं आणि पाय माझे दुखायचे. आता तर पाय अधिवेशनाची वाटही पाहत नाहीत, आधीपासूनच दुखतात.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अधिवेशनाच्या बरंच आधी आमदार लेखी प्रश्न पाठवतात. त्यातल्या तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, आणि आमदाराला त्यावर उपप्रश्न विचारता येतात. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. अमुक ठिकाणी अमुक गोष्ट बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तराचाही साचा ठरलेला. ‘हे खरे नाही.’ फारच पुरावा असला तर ‘हे अंशतः खरे आहे.’ आणि त्याखालच्या सगळ्या पोटप्रश्नांना, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ एका गावचा पूल पुरात वाहून गेला, तेव्हाही ‘अंशतः खरे आहे’ आलं होतं. मी चिडून गाडी काढली आणि पाहायला गेलो. उत्तर बरोबर होतं. पुलाचं अलीकडचं टोक आणि पलीकडचं टोक शाबूत होतं, फक्त मधला भाग नव्हता.

आमच्या आमदारांना मतदारसंघात सगळे भाऊ म्हणतात, मीही म्हणतो. माणूस मनाने चांगला. आवाज असा की भातकुलीत बोलले तर अकोल्यातली कबुतरं उडावीत. कागद वाचायचा मात्र कंटाळा, आणि त्या कंटाळ्यावरच माझं घर चालतं. अमरावतीच्या कार्यालयात सकाळपासून लोक बसलेले असतात. प्रत्येकाचं काम छोटं असतं आणि प्रत्येकाला वाटतं की भाऊंनी एक फोन केला की होईल. भाऊ फोन करतात. पलीकडचा साहेब ‘हो भाऊ, नक्की भाऊ’ म्हणतो. तो माणूस खुशीत घरी जातो आणि पुढच्या महिन्यात तेच काम घेऊन परत येतो. काही लोकांशी माझी अशी इतकी वर्षांची ओळख झाली आहे की त्यांच्या पोरांच्या लग्नात मी जेवलो, पण त्यांचं काम अजून व्हायचं आहे.

माझी थोरली बहीण खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात दिली आहे. तालुक्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या कोणीतरी खुलासा मागवेल, आणि तो लिहायला मलाच बसवतील. तिथलं जमिनीतलं पाणी इतकं खारं की ताईच्या सासरी कैरीचं लोणचं घालताना मीठ टाकत नाहीत, नुसत्या कैऱ्या धुतात. साबणाला फेस येत नाही. पाहुणा अंघोळीला गेला की साबण घासून घासून संपतो, पाहुणा मात्र तसाच बाहेर येतो.

माझे भाऊजी तिथे बाजार समितीत मापारी होते. तरुणपणी तुरीचं पोतं उचला म्हटलं तर पोतं आणि त्यावर बसलेला व्यापारी दोघांना एकदमच काट्यावर ठेवायचे. त्या माणसाच्या अंगावर एका उन्हाळ्यात सूज आली. आधी पायावर, मग तोंडावर. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, दोन्ही किडन्या कामातून गेल्या, आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. यंत्राला जोडून रक्त धुऊन घ्यायचं. चुकवलं तर अंगात पाणी साचणार, दम लागणार, आणि पुढचं डॉक्टरांनी सांगितलं नाही, ताईनेही विचारलं नाही.

डायलिसिस अकोल्याला. त्या पट्ट्यात असे आजारी इतके की त्यांची एक काळीपिवळीच ठरलेली आहे. गाडीवाला सकाळी गावोगावचे पेशंट उचलतो, अकोल्याला नेतो आणि संध्याकाळी पिळून काढल्यासारखे परत आणून टाकतो. गाडीत प्रत्येकाची जागा ठरलेली. भाऊजींची जागा खिडकीपाशी, कारण येताना त्यांना मळमळायचं. एखाद्याची जागा रिकामी झाली तर का झाली हे गाडीत कोणी बोलत नाही. पुढचा माणूस येऊन बसतो.

आणि हे सगळं चाललेलं असताना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसची यंत्रं येऊन पडलेली होती. नवी कोरी. फीत कापून झालेली. फीत कापायला भाऊ होते, मीही होतो, पेढा खाल्लेला मला आठवतो. पण यंत्र चालवायला तंत्रज्ञ नव्हता. पद मंजूर, माणूस नाही. म्हणून यंत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली. दवाखाना ताईच्या घरापासून इतका जवळ की तिथली नर्स शिंकली तर ताईच्या ओट्यावरचं मांजर दचकावं.

ताई एकदा अमरावतीला आली, खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “तू साऱ्या जगाचे प्रश्न टाकून राहिला. घरच्या माणसाचा एक टाकशीन का नाई?”

“ताई, तसं नसते. थे सार्वजनिक महत्त्वाचं लागते.”

“मंग तुये भाऊजी काय खासगी हायेत?”

हा उपप्रश्न खरं तर मीच लिहायला पाहिजे होता.

भाऊंना विचारलं. ते म्हणाले, “हे विचारायची गोष्ट हाय का बे? टाक.” मी टाकला. आयुष्यात लिहिलेल्या सगळ्या प्रश्नांत हा सगळ्यात सुरेख. एकही शब्द जास्त नाही, पळून जायला एकही फट नाही. ‘डायलिसिस यंत्रे तंत्रज्ञाअभावी बंद असल्याने रुग्णांना अकोला येथे जावे लागते, हे खरे आहे काय?’ नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी पाठवला. प्रश्न मंजूर झाला आणि कोणाचा आधी, कोणाचा नंतर हे ठरवायच्या सोडतीत पहिल्या काही प्रश्नांत लागला. माझ्या नशिबाला लॉटरी कधी लागली नव्हती. लागली तीही सरकारी.

त्यानंतर जे झालं त्याला मी धावपळ म्हणणार नाही, कारण धावपळीत माणसं नुसती धावतात. इथे इमारती धावल्या. मंत्रालयातून निघालेल्या कागदावर ‘तात्काळ’ लिहिलेलं होतं. विभागात त्याचं ‘अतितात्काळ’ झालं, जिल्ह्यात ‘आजच’ झालं आणि तालुक्यापर्यंत पोचता पोचता त्याचं ‘काल’ झालं असावं, कारण तिथल्या दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांचा मला आलेला फोन रडवेला होता.

“साहेब, हे तुमी काहून केलं? एक फोन केला असता तर सांगितलं असतं ना.”

“डॉक्टर, फोन तर मी पावसाळ्यापासून करून राहिलो.”

“पण थे फोन होते ना साहेब. हा प्रश्न हाय.”

खोटं नव्हतं ते. मी फोनवर जे पावसाळाभर मागितलं ते प्रश्न लागल्याबरोबर हजर. भिंतींना रंग लागला. पाणी शुद्ध करायचं मशीन जोडलं गेलं. प्लास्टिक निघालं. आणि अमरावतीहून एक तंत्रज्ञ बाई तिथे पाठवण्यात आल्या. सरकारला उत्तरात ‘हे खरे नाही’ लिहायचं होतं, आणि लिहिण्याआधी ते खरं नसायला पाहिजे, एवढी लाज अजून शिल्लक आहे. या लाजेवर आमचा जिल्हा चालतो.

पहिल्या दिवशी भाऊजी दवाखान्यातून घरी आले ते पायी. ताईने फोनवर सांगितलं. मग भाऊजींनीच फोन हिसकावला. “बाबू, पायी आलो ना मी! चपलेचा आवाज करत आलो. दुपारचं घरी जेवलो. तुया ताईले म्हटलं, अकोला कुठं हाय ओ, मले तर ठाव नाई.” ते इतके हसले की मला भीती वाटली. दिवसाला किती पाणी प्यायचं याचं डॉक्टरांनी माप दिलं होतं, तसं हसण्यालाही दिलेलं असलं तर? आणि त्याच भरात त्यांनी काळीपिवळीवाल्याला कळवून टाकलं की आता आपलं घरच्या घरी होते, मायी जागा कोणाले देऊन टाक. हिवरखेडकडचे एक रिटायर मास्तर वाट पाहत होते. ते खिडकीपाशी बसले.

मी भेटायला गेलो तेव्हा यंत्राजवळ तंत्रज्ञ बाई उभ्या होत्या. भाऊजी पलंगावर, हातातून नळ्या निघालेल्या, तोंडावर राजासारखा भाव. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“तुमीच का थे प्रश्नवाले भाऊ?”

“हाव.”

“मंग एक सांगा, उत्तर कवा हाय?”

“काहून?”

“मायी ऑर्डर प्रश्न निकाली निघेपर्यंतची हाय. थो निघाला का मी परत अमरावती. तिथं मायी ड्युटी दुसऱ्या एकीच्या गळ्यात पडली. थे रोज फोन करून मले शिव्या देते, मंग मी इथं येऊन तुमच्या भाऊजीले सुई लावतो.”

“तिच्या शिव्या मलेच लागून राहिल्या वाटते,” भाऊजी म्हणाले. “मांगच्या टाइमाले बम दुखलं.”

मी हसलो आणि बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो. इतकी वर्षं मी मंत्र्यांच्या तोंडून उत्तर काढायला जिवाचं रान केलं. उत्तर आलं नाही तर चिडलो, उशिरा आलं तर चिडलो. आणि इथे कळलं ते हे, की सेवा प्रश्नाने मिळते आणि उत्तराने जाते. प्रश्न लोंबकळतोय तोवर बाई इथे. सरकारने उत्तर दिलं की सरकार मोकळं, आणि भाऊजी पुन्हा अकोल्याच्या वाटेला.

एक वाट होती. उत्तर अपुरं असलं तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात, म्हणजे पुढच्या कोणत्या तरी दिवसावर ढकलतात. कधी कधी राखून ठेवलेला प्रश्न असा राखला जातो की अधिवेशन संपतं तरी तो तिथेच असतो. आजवर मी अशा प्रश्नांसाठी डोकं धरून बसायचो. आता मला तोच हवा होता.

नागपूरला आमदार निवासात भाऊंना चहाबरोबर हे सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

“म्हंजे मी प्रश्न विचारू, पण उत्तर घेऊ नोको?”

“हाव भाऊ.”

“मंग मी तिथं काय करू? आरती?”

“भाऊ, उत्तर अर्धवट हाय म्हणून रागवा. राखून ठेवा म्हणा.”

भाऊंनी चहा संपवला. “लेका, लोकं मंत्र्याले खिशात घालाचं पाह्यतात. तू मले कुठं घालून राहिला समजत नाई.” पण ऐकलं. त्यांचं मन मी मघाशी सांगितलं तसं होतं.

त्या दिवशी छापील उत्तरात ‘माहिती घेण्यात येत आहे’ असं होतं. बहुधा मंत्रालयाला अजून विश्वास नव्हता की यंत्र खरंच चालू आहे. मी वर प्रेक्षकांच्या सज्जात पास लावून बसलो होतो. भाऊ उठले आणि असे गरजले की समोरच्या बाकावर डुलकी घेणारे एक सदस्य स्वतःच्या पक्षाच्या विरोधात ‘शेम शेम’ म्हणाले. “अध्यक्ष महोदय, माझ्या भागातली माणसं मरणाच्या दारात आणि यांची अजून माहितीच घेणं सुरू आहे! हा प्रश्न राखून ठेवावा!” अध्यक्षांनी राखून ठेवला. सरकारने उत्तर दिलं नाही म्हणून बाहेर येऊन संत्री वाटणारा माणूस विधानभवनाच्या परिसरात मी पहिलाच असेन. मी ताईला फोन लावला. “अजून चालू राहते. पण ऐक, कोठं बोलू नका. कोणाले काही सांगू नका. चूप राहा.”

“आमी कायले बोलतो?” ताई म्हणाली.

ताई बोलली नाही. भाऊजी बोलले.

आमच्याकडे एक रीत आहे. कोणी आपलं भलं केलं आणि आपण चारचौघांत त्याचे आभार मानले नाहीत, तर आपण माणसात नाही. पूर्वी हे आभार लग्नात, पंगतीत मानायचे. आता चौकात फ्लेक्स लावतात. दहावीत पोरगी पास झाली, फ्लेक्स. रस्त्यावर मुरूम पडला, फ्लेक्स. आणि फ्लेक्सवर ज्याचं भलं झालं त्याचा फोटो पाहिजे, नाहीतर आभार कोणाचे हे कळणार कसं?

भाऊजींनी भाऊंच्या तिथल्या कार्यकर्त्यांना बोलावून घेतलं. कार्यकर्ते तर निमित्तच शोधत असतात. फोटो यंत्राजवळ काढला. भाऊजी पलंगावर, केस चापून बसवलेले, अंगठा वर. वर भाऊंचा हात जोडलेला फोटो, त्याच्या बाजूला, कोणाचा अपमान नको म्हणून, आरोग्य खात्याच्या मंत्र्यांचाही. खाली मोठ्या अक्षरात, ‘डायलिसिस केंद्र सुरू केल्याबद्दल जाहीर आभार’. फ्लेक्स एवढा मोठा की त्यामागे एक पानटपरी आणि एक चांभाराचं दुकान सापडेनासं झालं. फटाके वाजले. कोणीतरी फोटो मोबाइलवर टाकला, तो दवाखान्यात गेला, जिल्ह्यात गेला, आणि जिथे जायचा तिथे गेला.

माझ्या मोबाइलवर तो आला ते राखून ठेवलेला प्रश्न दुसऱ्यांदा लागला त्या सकाळी. छापील उत्तर हातात आलं. ‘(१) हे खरे नाही. सदर केंद्र कार्यान्वित असून रुग्णांना सेवा मिळत आहे. (२) ते (४) प्रश्न उद्भवत नाही.’ मी उत्तर दोनदा वाचलं. त्यातलं एकेक अक्षर खरं होतं. एवढं खरं उत्तर मी माझ्या नोकरीत पाहिलेलं नव्हतं.

भाऊ तरी उठले. उपप्रश्न विचारला, “तिथला तंत्रज्ञ कायमचा आहे का, की तात्पुरता आहे, एवढंच सांगावं.” योग्य प्रश्न होता. मीच लिहून दिला होता. मंत्री उठले. त्यांच्या अधिकाऱ्यांनी मागून एक मोठा रंगीत कागद पुढे केला. मंत्र्यांनी तो उलगडून सभागृहाला दाखवला. मला वरून अक्षरं दिसत नव्हती. अंगठा दिसत होता.

“अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्य इथे तक्रार करतात, आणि त्यांच्याच तालुक्यात, त्यांच्याच फोटोसकट आमचे आभार मानले जातात. रुग्ण किती समाधानी आहे, हे आपणच पाहावं.”

सभागृह हसलं. दोन्ही बाजू हसल्या. असं एकमत मी अर्थसंकल्पावरही पाहिलं नव्हतं. भाऊंनी एकदा वर सज्जाकडे पाहिलं, मग खाली बसले. अध्यक्ष म्हणाले, पुढचा प्रश्न. पुढचा प्रश्न कुठल्या तरी समुद्रकिनाऱ्यावरच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा होता. बंधाराही अंशतःच वाहून गेला होता.

तंत्रज्ञ बाई लगेचच अमरावतीला परतल्या. जाताना ताईला घरी येऊन भेटून गेल्या, हळदीकुंकू घेतलं. यंत्रांवर पुन्हा प्लास्टिक चढलं. डॉक्टरसाहेबांनी मला फोन करून सांगितलं की पद भरण्याचा प्रस्ताव त्यांनी वर पाठवलेला आहे. माझा त्यांच्यावर राग नाही. प्रस्ताव त्यांच्याकडून गेला असेलच. वर जाताना कागद कसा जातो ते त्यांनाही ठाऊक आहे. खाली येताना त्याला धावायला लागतं, वर जाताना तो चहा पीत पीत जातो.

भाऊजींची काळीपिवळीतली जागा मात्र गेलेली होती. मास्तर खिडकीपाशी होते, आणि आजारी माणसाला उठवायचं कसं? भाऊजींना एसटीने जावं लागलं. जाताना ठीक, पण येताना डायलिसिस झालेल्या माणसाने फाट्यावर उन्हात उभं राहून गाडीला हात करायचा. एकदा मी रजा टाकून सोबत गेलो. येताना आम्हाला मागच्या चाकावरची सीट मिळाली. प्रत्येक खड्ड्याला भाऊजी डोळे मिटून घ्यायचे. त्या रस्त्यावरही मी एकदा प्रश्न विचारलेला होता.

अर्धा रस्ता सरल्यावर त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, “बाबू, मायामुळं गेलं ना रे थे?”

“नाई भाऊजी.”

“खरं सांग.”

“खरं सांगतो. फ्लेक्स नसता तरी गेलं असतं. थोडं उशिरा गेलं असतं.”

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. शेतांतल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, काळी जमीन उघडी पडली होती. “मले वाटलं, तुया साहेबाचं नाव झालं तर तुई किंमत वाढीन. तू त्याच्यासाठी मरमर करतो, आन तुले कोण ओयखते? म्हटलं, एकडाव होऊन जाऊ दे.”

आमच्या धंद्यात आभाराला उत्तर द्यायची पद्धत नाही.

“पण फोटो चांगला आलता,” ते म्हणाले.

“चांगला म्हंजे? मंत्र्यानं दाखवला बाप्पा. दोन्ही बाजूच्या आमदारांनी पाह्यला. मायी इतक्या वर्षांची नोकरी झाली, मले कोणी सभागृहात दाखवलं नाई.”

ते हसले, मग खोकले, मग पुन्हा डोळे मिटले. तो फ्लेक्स ताईने चौकातून सोडवून आणून गुरांच्या कुटाराच्या, म्हणजे भुश्याच्या, ढिगावर टाकला होता. पाऊस आला तरी कुटार भिजत नाही, एवढं काम सरकारच्या आभाराने केलं.

पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्न पाठवायची वेळ आली तेव्हा मी खरंच नको म्हणत होतो. तोच प्रश्न तसाच पुन्हा टाकता येत नाही, उत्तर दिलेलं आहे म्हणून परत येतो. मग शब्द फिरवायचे. यंत्र नको विचारू, पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनच्या देखभालीचं विचार. पद नको विचारू, पदांच्या आकृतिबंधाचं, म्हणजे कुठे किती पदं असावीत याचं, विचार. मला ही कामं येतात, पण या वयात असं वाटतं की सरकारला आपण लपाछपी शिकवतोय आणि दर वेळी राज्य आपल्यावरच येतंय. आणि ज्यांच्यावर मी हा डाव टाकणार त्या तंत्रज्ञ बाई, त्यांच्या शिव्या देणाऱ्या मैत्रिणीसकट, अमरावतीत माझ्याच वस्तीत राहतात. भाजी घ्यायला भेटतात. त्यांचाही घरसंसार आहे.

मी भाऊजींनाच विचारलं. ते खाटेवर बसून मापाच्या पेल्यातून पाणी पीत होते.

“टाक,” म्हणाले. “किती दिस निघतीन?”

“सांगता येत नाई. सोडतीत वर लागला तर लवकर उत्तर येते. खाली लागला तर जास्त दिस.”

“मंग खाली लागू दे रे बापा,” भाऊजी म्हणाले, आणि देवाच्या फोटोकडे पाहून त्यांनी हात जोडले. आपला प्रश्न सोडतीत शेवटी लागावा असा नवस करणारा मतदार माझ्या पाहण्यात दुसरा नाही. भाऊंना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. सही करताना म्हणाले, “एवढं उत्तर न घेण्यापरीस एखादा तंत्रज्ञच लग्न लावून त्या गावात आणू का रे? जावई करून टाकू कोणाचा.” मग पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मधल्या काळात काळीपिवळीत भाऊजींना जागा परत मिळाली होती. खिडकीपाशीच. मास्तरांचं काय झालं हे गाडीवाल्याने सांगितलं नाही, ताईने विचारलं नाही. भाऊजींनी पहिल्या दिवशी त्या सीटवर बसायला जरा वेळ लावला, एवढं ताई म्हणाली.

प्रश्न मंजूर झाल्याचं कळलं आणि पुढच्याच आठवड्यात डॉक्टरसाहेबांचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण या वेळी रडवेला नव्हता. आता आम्ही एकमेकांना ओळखत होतो.

“साहेब, पुन्हा टाकला का?”

“हाव डॉक्टर.”

“बाई सोमवारपासून येऊन राहिल्या. सांगून द्या भाऊजीले.”

मी ताईला कळवलं.

“मंग गाडीवाल्याले काय सांगू?” ती म्हणाली. “येत नाई म्हणून सांगू?”

“नाई म्हणू नोको. जागा जाईन. जागा धरून ठेव म्हणा. भाऊजीले बरं नाई म्हण, म्हणून येत नाई.”

“अबे, त्या गाडीत कोणाले बरं हाय?”

तेही खरंच होतं. दोघांनी मिळून कारण शोधलं. पोरीच्या सासरी गेले म्हणायचं ठरलं, थोडे दिवस राहायला. गाडीवाला चांगला माणूस आहे, तो मानेल, निदान मानल्यासारखं करेल.

“परत कवा येतीन म्हणू?” ताईने विचारलं.

सभागृहात उत्तरासाठी प्रश्नाला अजून दिवस मिळाला नव्हता.